गोगलगाय, लांडगे आणि आपली पेन्सिल : २०१२ चा हिशेब

भीमजयंती झाली आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या पळसदरीत एक प्रकरण उभं राहिलं. बौद्धवाड्यातला एक मुलगा, अकरावीतला, रोज खोपोली लोकलने कर्जतला कॉलेजला जाणारा. त्याने मोबाइलवर बोटाने चार चौकटींची एक चित्रकथा काढली. हल्लीची मुलं तिला वेबकॉमिक म्हणतात. पहिल्या चौकटीत बाबासाहेब दिव्याखाली वाचत बसलेत. दुसऱ्या चौकटीत डीजेची भिंत, एवढी मोठी की बाबासाहेबांचा दिवा मागे कुठेतरी हरवलाय. तिसऱ्या चौकटीत एक मुलगी विचारते, "दादा, परीक्षेच्या फॉर्मला पैसे मिळतील का?" आणि उत्तर येतं, "वर्गणी संपली, डीजेवाल्याची बाकी द्यायचीय." चौथ्या चौकटीत बाबासाहेब कानात कापूस घालून, पुस्तक काखेत मारून पळसदरी स्टेशनच्या बाकावर जाऊन बसलेत. खाली लिहिलंय : "मिरवणूक संपली की सांगा, परत येतो."

चित्र वाड्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडलं आणि तासाभरात आग लागली. महामानवाचं व्यंगचित्र? बाबासाहेबांच्या कानात कापूस? कुणी म्हणालं, पोराला विहारात उभं करून माफी मागायला लावा. कुणी म्हणालं, मोबाइल काढून घ्या. एकाने तर पोलीस ठाण्यात अर्ज देण्याची भाषा केली. मंडळातले एक ज्येष्ठ काका, ज्यांनी नामांतराच्या काळापासून चळवळीत आयुष्य घालवलं आणि ज्यांच्याबद्दल आम्हाला आजही आदर आहे, ते म्हणाले, "२०१२ ला आपण दिल्लीच्या सरकारला माफी मागायला लावली. मग हे पोरगं काय मोठं लागून गेलं?"

मुलाने चित्र काढून टाकलं. नुसतं ग्रुपवरून नाही, मोबाइलमधली सगळीच चित्रं पुसली. त्याच्या आईने आम्हाला सांगितलं, "दोन दिवस जेवला नाही, आता चित्र काढणार नाही म्हणतो."

काकांनी २०१२ चं नाव काढलं ते बरंच झालं. चित्र, इंटरनेट, पोलीस आणि आंबेडकरी समाज या चौघांची गाठ एकाच वर्षात पडली, ते वर्ष २०१२. त्या वर्षाचा हिशेब आपण कधी नीट मांडलाच नाही. जिंकलो एवढंच लक्षात ठेवलं. आज तो हिशेब मांडू या, आणि आमच्या वाट्याची चूकही लपवायला नको.

मे महिना : गोगलगाय

तरुण वाचकांसाठी थोडक्यात. एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात २००६ पासून एक जुनं व्यंगचित्र छापलं जात होतं. काढणारे होते शंकर, म्हणजे केशव शंकर पिल्लई. चित्र २८ ऑगस्ट १९४९ चं. राज्यघटना म्हणजे एक गोगलगाय. तिच्यावर बाबासाहेब बसलेत, आणि मागे नेहरू चाबूक उगारून उभे आहेत. आजूबाजूला जनता बघते आहे. घटना तयार व्हायला उशीर होतोय, हा त्या चित्राचा विषय.

पुस्तकात सहा वर्षं शांत पडून असलेलं हे चित्र २०१२ साली वणव्यासारखं पसरलं. ११ मे २०१२ ला खासदार थोल. तिरुमावलवन यांनी ते लोकसभेत मांडलं. संसद बंद पडली. मंत्री कपिल सिब्बल यांनी माफी मागितली. पुस्तकाचे सल्लागार असलेले सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी त्याच दिवशी राजीनामे दिले. दुसऱ्या दिवशी, १२ मे ला, पुणे विद्यापीठातलं पळशीकर सरांचं कार्यालय फोडण्यात आलं. फोडणारे बाबासाहेबांचं नाव घेऊन आले होते.

आम्ही तेव्हा समाजशास्त्रात एम.ए. करत होतो. खरं सांगायचं तर ती बातमी ऐकून आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. होस्टेलच्या खोलीत चौघंजण होतो आणि चौघांनाही वाटलं, बरं झालं, एकदा यांनाही कळू दे. पळशीकरांनी आंबेडकरी राजकारणावर काय लिहिलंय, हे आमच्यापैकी एकानेही वाचलं नव्हतं. धडा तर वाचलाच नव्हता. आम्ही फक्त चाबूक पाहिला होता.

पण तो चाबूक पाहून जे वाटलं ते खोटं नव्हतं, हेही तेवढ्याच ठामपणे लिहायला हवं. वर्तमानपत्रांतले मोठमोठे विचारवंत तेव्हा आम्हाला सांगत होते की दलितांना विनोद कळत नाही, व्यंगचित्र वाचायला शिका. चाबूक हे तुमच्यासाठी राजकारणातलं रूपक असेल. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी पाटलाच्या वाड्यावर तो पाठीवर घेतला, त्यांच्यासाठी ते रूपक नाही. ब्राह्मण पंतप्रधान चाबूक उगारून मागे आणि महार विद्वान पुढे, हे चित्र वर्गातल्या सत्तर मुलांनी पाहिलं की त्यातली पाच मुलं मान खाली घालतात. ती पाच कोण, हे शिक्षकाला विचारावं लागत नाही. मे महिन्यातला राग या अनुभवातून आला होता. तो राग कुणी आम्हाला पढवलेला नव्हता.

चूक रागात नव्हती. राग आल्यावर आपण काय केलं, तिथे चूक होती.

बाबासाहेबांनी गोगलगायीला काय उत्तर दिलं?

ही गोष्ट आपल्या भाषणांत कुणी सांगत नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

शंकर यांचं चित्र ऑगस्ट १९४९ चं. जवळपास तीन महिन्यांनी, २५ नोव्हेंबर १९४९ ला, बाबासाहेब घटना समितीत शेवटचं मोठं भाषण करायला उभे राहिले. उशिराचा आरोप तेव्हा फक्त एका व्यंगचित्रात नव्हता, तो सगळीकडे होता. बाबासाहेबांनी तो टाळला नाही. आकडे मांडले. घटना समितीला २ वर्षं, ११ महिने आणि १७ दिवस लागले. अमेरिकेने चार महिन्यांत काम उरकलं होतं, कॅनडाला २ वर्षं ५ महिने लागले, दक्षिण आफ्रिकेला वर्षभर, आणि ऑस्ट्रेलियाला तर नऊ वर्षं. मग त्यांनी सांगितलं की त्या देशांच्या घटना आपल्या घटनेपेक्षा कितीतरी लहान आहेत आणि त्यांना आपल्यासारखा दुरुस्त्यांचा डोंगर उपसावा लागला नाही. आपल्याकडे ३९५ कलमं होती आणि प्रत्यक्ष मांडल्या गेलेल्या २,४७३ दुरुस्त्यांचा निकाल लावावा लागला होता.

त्याच सभागृहात नझिरुद्दीन अहमद या सदस्यांनी मसुदा समितीची टिंगल केली होती. इंग्रजीत मसुदा समितीला ड्राफ्टिंग कमिटी म्हणतात. त्यांनी तिला ड्रिफ्टिंग कमिटी, म्हणजे वाहवत जाणारी समिती, असं नाव दिलं. बाबासाहेब चिडले का? त्यांनी ती टिंगल हातात घेऊन परतवली. वाहणं दोन प्रकारचं असतं, आपल्या ताब्यातलं आणि ताबा सुटलेलं. आमची समिती कधीच ताबा सोडून वाहिली नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ज्यांनी विनोद केला त्यांच्याच शब्दात उत्तर मिळालं, आणि ते कामकाजाच्या नोंदीत कायमचं राहिलं.

हे भाषण आपल्याकडे दोन गोष्टींसाठी सांगितलं जातं. एक, आता घटनात्मक मार्ग मोकळे आहेत, तेव्हा इतर मार्ग म्हणजे अराजकाचं व्याकरण, हा इशारा. दोन, राजकारणातली व्यक्तिपूजा हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा. दोन्ही बरोबर. पण ही दोन्ही वाक्यं ज्या भाषणात आहेत, त्याच भाषणात गोगलगायीचं उत्तरही आहे, हे आपण विसरलो. आणि मे २०१२ मध्ये आपण तिन्ही गोष्टी एकदम मोडल्या. टीकेला आकड्यांनी उत्तर द्यायचं सोडून कार्यालय फोडलं, आणि हे सगळं केलं ते भक्तीपोटी.

समजा त्या वेळी देशभरातल्या आंबेडकरी संघटनांनी मागणी केली असती की चित्र पुस्तकात राहू द्या, पण त्याच्या शेजारच्या पानावर २५ नोव्हेंबरच्या भाषणातला हा उतारा छापा. सवर्णांची मुलंही ते वाचून परीक्षेला बसली असती. ती पाच मुलं मान वर करून बसली असती. आपण काय मिळवलं? चित्र गेलं. प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने इतर काही व्यंगचित्रंही काढायची शिफारस केली. त्या समितीतले एम. एस. एस. पांडियन यांनी असहमती नोंदवली. त्यातली कितीतरी चित्रं सत्ताधाऱ्यांना टोचणारी होती. दिल्लीतल्या राजकारण्यांनी आपल्या जखमेचं बोट धरून स्वतःच्या अडचणी पुस्तकाबाहेर काढायची संधी साधली. आपण मात्र फटाके वाजवले.

सप्टेंबर महिना : लांडगे

मे महिन्यात पुस्तकातलं चित्र होतं. सप्टेंबरमध्ये इंटरनेटवरच्या चित्रांची पाळी आली.

असीम त्रिवेदी हा कानपूरकडचा तरुण व्यंगचित्रकार. त्याची 'कार्टून्स अगेन्स्ट करप्शन' नावाची वेबसाइट होती. डिसेंबर २०११ मध्ये मुंबईत अण्णा हजारेंचं उपोषण होतं, तेव्हा मुंबई पोलिसांनी ती बंद पाडली आणि त्याच्यावर गुन्हाही नोंदवला. राष्ट्रचिन्हातल्या सिंहांच्या जागी रक्तपिपासू लांडगे आणि खाली 'भ्रष्टमेव जयते'. संसद म्हणजे शौचकूप. एका चित्रात तर राज्यघटनेवर लघवी. तक्रार एका नागरिकाची होती. ८ सप्टेंबर २०१२ ला त्याला अटक झाली. कलमं कोणती? राजद्रोहाचं १२४-अ, राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाचा १९७१ चा कायदा आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ. असीमने जामीन मागायला नकार दिला. शेवटी ११ सप्टेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला. पुढे राज्य सरकारने राजद्रोहाचं कलम मागे घेतलं. त्याच वर्षी व्यंगचित्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सीरियाच्या अली फरझात यांच्याबरोबर त्याला धैर्याचा पुरस्कार दिला.

ती चित्रं आम्हाला आवडली नाहीत, आजही आवडत नाहीत. अण्णांच्या आंदोलनाबद्दल आंबेडकरी समाजाला पहिल्यापासून शंका होती, आणि ती योग्य होती. निवडून आलेल्या संसदेवर थुंकायचं आणि मैदानातल्या गर्दीला जनता म्हणायचं, या राजकारणात आपली जागा कुठे होती? आरक्षणाचा प्रश्न त्या व्यासपीठावर कुणी घेतला? राज्यघटना ही काही नेत्यांची मालमत्ता नाही की नेते भ्रष्ट निघाले म्हणून तिच्यावर लघवी करावी. ते चित्र काढणाऱ्याला आम्ही तोंडावर सांगू, तुला घटना कळलेली नाही.

पण राजद्रोह? १२४-अ हे १८७० साली इंग्रजांनी आणलेलं कलम. याच कलमाखाली त्यांनी टिळकांना तुरुंगात घातलं. ज्या घटनेने बोलण्याचा अधिकार कलम १९ मध्ये दिला, तिच्या सन्मानासाठी इंग्रजांचं कलम वापरायचं, यात घटनेचा कोणता सन्मान झाला? आणि त्या आठवड्यात आपल्यातले अनेकजण 'घटनेचा अपमान करणाऱ्याला धडा मिळाला' म्हणून खूश होते. घटनेचं नाव घेतलं की आपण कुठल्याही कलमाला टाळ्या वाजवतो, ही गोष्ट सत्तेने तेव्हाच हेरली. १७ मार्च २०१५ ला मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणात स्पष्ट केलं की हिंसेला किंवा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी नसेल, तर नुसत्या टीकेवर, ती कितीही बोचरी असली तरी, राजद्रोह लावता येत नाही. म्हणजे न्यायालयाने घटनेच्या बाजूने निकाल दिला, आणि तो व्यंगचित्रकाराच्या बाजूचा ठरला.

बाकीचं वर्ष

त्याच वर्षी एप्रिलमध्ये कोलकात्यात जादवपूर विद्यापीठाचे प्राध्यापक अंबिकेश महापात्र यांना ममता बॅनर्जींवरचं एक चित्र ईमेलने पुढे पाठवल्याबद्दल रात्री अटक झाली. त्यांनी चित्र काढलंही नव्हतं. त्यांची सुटका व्हायला जानेवारी २०२३ उजाडला.

नोव्हेंबरमध्ये बाळासाहेब ठाकरे गेले. मुंबई बंद का, असं फेसबुकवर लिहिणारी पालघरची एक मुलगी आणि त्या मजकुराला लाइक देणारी तिची मैत्रीण, दोघींना अटक झाली. तिच्या काकांचा दवाखाना फोडला गेला. ज्यांच्या नावाने हे झालं ते स्वतः व्यंगचित्रकार होते. कुंचल्याच्या जोरावर १९६० साली त्यांनी 'मार्मिक' सुरू केलं होतं. ज्या कुंचल्याने एक पक्ष उभा केला, त्या पक्षाच्या धाकात एका मुलीला एक ओळ लिहिता येईना. पण आम्हाला हसण्याचा अधिकार नाही. मे महिन्यात पुण्यातलं कार्यालय आणि नोव्हेंबरमध्ये पालघरचा दवाखाना, दोन्हीकडे पद्धत एकच होती.

पालघरच्या त्या अटकेनंतर श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ ला कलम ६६-अ रद्द झालं. हे कलम बाबासाहेबांच्या घटनेतल्या कलम १९ समोर टिकलं नाही. या निकालावर विहाराविहारांतून व्याख्यानं व्हायला हवी होती. किती ठिकाणी झाली?

स्वातंत्र्य कुणाचं?

इथे आमच्या पुरोगामी मित्रांशीही हिशेब करायचा आहे, कारण २०१२ ची गोष्ट तेही अर्धीच सांगतात.

असीम त्रिवेदीच्या अटकेने देशभरचे कॅमेरे मुंबईकडे वळले. त्याच २०१२ मध्ये पुण्याच्या कबीर कला मंचचे शाहीर भूमिगत होते. शीतल साठे आणि सचिन माळी २ एप्रिल २०१३ ला विधानभवनासमोर हजर झाले. शीतलताई तेव्हा गरोदर होत्या. त्यांचा गुन्हा काय, तर गाणी. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' २०१२ च्या जानेवारीत भायखळ्याच्या बीआयटी चाळीत दाखवला गेला, म्हणून निदान काही लोकांना ते गाणारे चेहरे माहीत तरी झाले. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला, कारण त्याच्या मोबाइलची रिंगटोन बाबासाहेबांवरच्या गाण्याची होती. २०२० च्या १४ एप्रिलला, बरोबर भीमजयंतीच्या दिवशी, आनंद तेलतुंबडे यांना एनआयएपुढे हजर व्हावं लागलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कबीर कला मंचचे तिघे पुन्हा अटकेत गेले.

अभिव्यक्तीची सगळ्यात मोठी किंमत या देशात कोण मोजतं, हे यावरून कळावं. व्यंगचित्रकाराला तीन दिवसांत जामीन आणि शाहिराला वर्षानुवर्षं तुरुंग, हा फरक जातीचा आणि वर्गाचा आहे. पुरोगाम्यांनी 'दलितांना विनोद कळत नाही' हे लिहायला जेवढी शाई खर्च केली, तेवढी या शाहिरांसाठी केली का, हा प्रश्न आम्ही विचारणारच.

पण हाच हिशेब आपल्यालाही लागू आहे. कायद्याचा फास सगळ्यात आधी आपल्या गळ्यात पडणार असेल, तर तो घट्ट करायला आपण हात का लावावा? कुणाच्याही चित्रावर अटकेची मागणी करताना दहा वर्षांनी ते कलम कुणावर वापरलं जाईल, याचा विचार करायला नको? ११ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने राजद्रोहाचं कलम स्थगित केलं. १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत त्याच्या जागी कलम १५२ आलं. कलमाचा आकडा बदलला, पण ते आजही सत्तेच्याच हातात आहे.

'मग काहीही सहन करायचं का?'

दोन आक्षेप आम्हाला नेहमी ऐकायला मिळतात. दोन्ही वजनदार आहेत.

पहिला : बाबासाहेबांनीही मनुस्मृती जाळलीच ना? जाळली. २५ डिसेंबर १९२७, महाड, आमचाच जिल्हा, तेव्हाचा कुलाबा. पण ती कशी जाळली ते पाहा. स्वतःच्या परिषदेत, स्वतःच्या मंडपासमोर, खड्डा खणून, ठराव मांडून. ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. कुणाचं घर फोडलं नाही, कुणा छापखान्यावर दगड मारला नाही, इंग्रज सरकारकडे बंदीचा अर्ज दिला नाही. आणि मनुस्मृती हे टीकेचं चित्र नव्हतं. माणसाला पाण्यापासून तोडणारी ती सत्ता होती. सत्तेचं दहन आणि टीकाकाराच्या खुर्चीची मोडतोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा आक्षेप : आज मोबाइलवर आरक्षणाच्या नावाने जी घाणेरडी मीम्स फिरतात, बाबासाहेबांच्या प्रतिमेची जी विटंबना होते, तीही खपवून घ्यायची? नाही. त्यासाठी अॅट्रॉसिटी कायदा आहे, तो २०१५ च्या दुरुस्तीने अधिक बळकट झालाय, आणि तो वापरायलाच हवा. आम्ही एक साधी कसोटी वापरतो : चित्र माणसाच्या कृतीवर बोट ठेवतं की त्याच्या जन्मावर? कृतीवर असेल तर उत्तर द्या, वाद घाला, वाटलं तर हसा. जन्मावर असेल, तर ते व्यंग नाही, जातीचा हल्ला आहे, आणि त्याला कायद्याने गाठा. या कसोटीवर संसदेचे लांडगे कृतीवर आहेत. आरक्षणावरची घाण जन्मावर आहे. गोगलगाय अवघड जागी बसते. विषय कृतीचा, पण चाबूक जन्माची आठवण देणारा. म्हणूनच ते चित्र पुसण्यापेक्षा त्याच्या शेजारी उत्तर छापणं जास्त गरजेचं होतं. आणि आमच्या वाड्यातल्या पोराचं चित्र? ते सरळ आपल्या कृतीवर आहे. ते झोंबलं कारण ते खरं आहे.

पेन्सिल कुणाच्या हातात?

'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला निघालं. त्याची पैसे देऊन जाहिरात छापायलाही 'केसरी'ने नकार दिला होता. बाबासाहेबांनी 'केसरी' बंद करा म्हणून मागणी केली नाही. स्वतःचं पत्र काढलं. ते बंद पडलं तर १९२७ ला 'बहिष्कृत भारत' काढलं, मग 'जनता', मग 'प्रबुद्ध भारत'. दुसऱ्याची लेखणी मोडण्यात त्यांनी एक दिवस घालवला नाही.

चित्रांच्या बाबतीत हे काम सुरू झालंय. २०११ मध्ये 'भीमायन' आलं. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी बाबासाहेबांचं आयुष्य चौकटी मोडून काढलं. त्यात सोसणाऱ्यांचे शब्द पक्ष्याच्या आकारात येतात आणि जातीचे विषारी शब्द विंचवाच्या नांगीतून. चौकटच नको, कारण चौकटीत माणसं कोंडली जातात, हा विचार एका आदिवासी चित्रकाराकडून आला. २०१९ मध्ये उन्नमती श्याम सुंदर या दलित व्यंगचित्रकाराने त्या काळच्या इंग्रजी वर्तमानपत्रांतली बाबासाहेबांवरची शंभराहून अधिक व्यंगचित्रं गोळा करून पुस्तक केलं. एकही चित्र जाळलं नाही. प्रत्येकाच्या शेजारी त्या वेळचा खरा इतिहास लिहिला, आणि शंकरांपासून लक्ष्मणांपर्यंत सगळ्यांची जात-नजर उघडी पाडली. मे २०१२ ला खरं उत्तर हे होतं, आणि ते द्यायला सात वर्षं लागली. आज इन्स्टाग्रामवर सिद्धेश गौतम 'बेकरी प्रसाद' नावाने आणि राही पुण्यश्लोक 'आर्टेडकर' नावाने निळ्या रंगात आपला इतिहास काढताहेत. त्यांना कुठल्या संपादकाची परवानगी लागत नाही. मोबाइल हाच त्यांचा छापखाना.

आमच्या वाड्यातल्या पोराकडेही तोच छापखाना होता. तो आपणच बंद पाडला.

पळसदरीत काय झालं

विहारात बैठक झाली. बौद्धाचार्यांनी वंदना घेतली आणि मग चित्र सगळ्यांसमोर पुन्हा दाखवावं, असं आम्ही सुचवलं. मुलाने पुसलं असलं तरी ग्रुपवरच्या एकाच्या मोबाइलमध्ये ते होतं. मोठ्याने चौकटी वाचून दाखवल्या. चौथ्या चौकटीला मागून एक आजी हसल्या. ऐंशीच्या पुढच्या. त्या म्हणाल्या, "बाबासाहेब स्टेशनात जाऊन बसले त्यात काय खोटं? मीपण त्या रात्री दार लावून कानावर उशी घेतली होती." त्यानंतर बैठकीचा रंगच बदलला. माफीचा विषय कुणी पुन्हा काढला नाही.

काकांना मात्र पटलं नाही, हेही लिहायला हवं. ते म्हणाले, "तुमचं शिकलेल्यांचं ठीक आहे. उद्या बाहेरचा कुणी असंच चित्र काढेल आणि म्हणेल, तुमच्याच पोराने काढलंय." या भीतीवर आमच्याकडे तयार उत्तर नाही. ती त्यांनी आयुष्यभर सोसलेल्या गोष्टींतून आलेली आहे. आम्ही एवढंच म्हणालो, काका, बाहेरच्याने काढलं तर त्याला उत्तर द्यायलाही आपल्याला चित्र काढणारं पोरगं लागेल.

बैठकीत तीन गोष्टी ठरल्या. आपल्यातल्या कुणाच्याही चित्रावरून पोलिसात जायचं नाही. पुढच्या जयंतीच्या वर्गणीतला काही भाग परीक्षेच्या फॉर्मसाठी आधीच बाजूला काढायचा. आणि विहारात महिन्यातून एक रविवार चित्रकथेचा वर्ग घ्यायचा. वाड्यातली आणि शेजारच्या कातकरी वाडीतली मुलं त्यात यावीत, २५ नोव्हेंबरच्या भाषणापासून सुरुवात व्हावी. गोगलगायीला आपलं उत्तर काढा, हा पहिला अभ्यास.

पहिल्या रविवारी नऊ मुलं आली. तो मुलगा आला नाही. त्याची धाकटी बहीण आली. तिने गोगलगाय काढली, तिच्या पाठीवर ३९५ कलमांचं ओझं काढलं आणि खाली लिहिलं, "एवढं घेऊन तू धावून दाखव."

तिने तो कागद घरी नेला. भावाला दाखवला की नाही, हे आम्ही विचारलं नाही. पण आपल्या प्रत्येक वाड्यात असा एखादा मुलगा आहे, ज्याने आपल्या भीतीने मोबाइलमधली चित्रं पुसलीत. त्याच्याकडे जाऊन 'पुन्हा काढ' म्हणण्याची जबाबदारी आता आपली आहे.

जय भीम!